भिंगापलीकडच्या माणसाला ओळखताना : गोव्यातून मराठीत व्हिडिओ सुरू करणाऱ्यांसाठी

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या रात्री देवळासमोर मराठी नाटक होतं. गावातलीच माणसं काम करतात, मीही बरीच वर्षं केलं. रंगमंचावर उभं राहिलं की पुढच्या दोन-तीन रांगांतली तोंडं दिसतात. शाळेतल्या बाई, कोपऱ्यावरचे दुकानदार, शेजारची काकी, तिच्या मांडीवर झोपलेला नातू. ते मला ओळखतात, मी त्यांना. कोण कुठे हसेल, कुणाचे डोळे कधी भरतील याचा अंदाज असतो, आणि त्याप्रमाणे बोलण्याची लय आपोआप बदलते.

पुढे कुळागरावर, म्हणजे पोफळींच्या (सुपारीच्या) बागेवर, आणि आमच्याकडच्या जेवणावर व्हिडिओ करू लागले, तेव्हा सगळ्यात आधी ही तोंडं गेली. समोर फोन, फोनमागे भिंत. बघणाऱ्याला माझ्या चुलीशेजारचा तांब्या कुठे असतो तेही माहीत, आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही.

नव्याने सुरू करणारी मुलंमुली माझ्याकडे येतात ती बहुतेकदा कुठला कॅमेरा घेऊ हे विचारायला. मी त्यांच्याशी या हरवलेल्या तोंडांबद्दल बोलते. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीच्या निवेदकांवर एक निबंध लिहिला होता. निवेदक थेट आपल्याकडे बघून गप्पा मारल्यासारखा बोलतो, ठरल्या वेळी येतो, आणि काही काळाने तो आपल्या ओळखीचा वाटू लागतो. त्याला मात्र आपण कोण हे ठाऊक नसतं. या एकेरी नात्याला त्यांनी ‘पॅरासोशल’ असं नाव दिलं. यूट्यूब २००५ मध्ये आलं, म्हणजे त्या निबंधानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. तरीही वर्णन आजच्या कुठल्याही चॅनेलला लागू पडतं. फरक एकच. टीव्हीतल्या माणसाला बघणाऱ्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आपल्याला येतं. पुढे जे सांगते आहे त्यातलं थोडं तंत्र आहे. बाकी सगळं, ऐकू आलेल्या त्या बोलण्याचं काय करायचं याबद्दल आहे.

आधी एक माणूस ठरवा

‘माझा प्रेक्षक म्हणजे सगळे मराठी लोक’ असं म्हणून बसलात, तर तुमचं बोलणं सभेतल्या भाषणासारखं होईल. एकच माणूस ठरवा, तोही खराखुरा. माझी आत्या लग्न होऊन गिरगावात गेली. गुडघे दुखतात म्हणून तिला कुळागरात उतरता येत नाही. पहिली दोन वर्षं मी तिचा फोटो भिंगाच्या वर चिकटवून बोलत होते. पाटाचं पाणी कुठून वळवलं, यंदा जायफळ किती धरलं, हे तिला सांगायचं असतं तसं सांगायचं. अनोळखी माणसांनाही ते आपल्याला सांगितल्यासारखं वाटलं.

गोव्यातून मराठीत बोलणाऱ्याला कोण कोण बघतं याचा एकदा नीट विचार करा. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात राहणारी हजारो घरं अशी आहेत ज्यांचं कुळदैवत इथे आहे. कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, नागेशी. ही माणसं वर्षा-दोन वर्षांनी येतात, ओटी भरतात, अभिषेक करतात आणि परत जातात. त्यांची ओढ तुमच्याकडे नसते, या मातीकडे असते. तुम्ही त्यांच्या वतीने इथे राहता आहात, असं त्यांना वाटतं. दुसरी माणसं सुट्टीला येणारी, त्यांना किनारा, हॉटेल, रस्ता हवा असतो. तिसरी म्हणजे इथलीच, पण मुंबईत, आखातात किंवा इंग्लंडमध्ये गेलेली. चौथी म्हणजे तुमच्या वाड्यावरची. या चारही जणांना एकाच व्हिडिओत खूश करायला जाऊ नका. सहलीची माहिती हवी असलेला माणूस काम झालं की जातो, पुन्हा येण्याचं त्याला कारण नसतं. तुम्हाला लोकांशी नातं जोडायचं असेल, तर पहिल्या किंवा तिसऱ्या गटातला एक चेहरा निवडा.

तोंडात कुठली मराठी असेल

‘नमस्कार मित्रांनो, कसे आहात सगळे?’ ही सुरुवात सोडून द्या. बघणारा बहुधा एकटा असतो. कुणी भाजी चिरताना फोन भिंतीला टेकवून ठेवलेला, कुणी लोकलमध्ये कानात इयरफोन घालून. त्याला ‘सगळे’ म्हटलं की तो गर्दीत उभा राहतो. ‘तुम्ही’ म्हणा, आणि समोर एकच जण आहे असं धरून म्हणा. ‘तुमच्याकडे भिरंडं (कोकमाची फळं) मिळतात का?’ असं विचारलं की माणूस मनात उत्तर देतो. वीस-बावीस वर्षांची मुलं आपल्या वयाच्या प्रेक्षकाला ‘तू’ म्हणतात, ते त्यांच्या तोंडी शोभतंही. पण एकदा ‘तू’ धरलंत की मध्येच ‘आपण पाहिलंत’वर जाऊ नका. ऐकणाऱ्याला वाटतं, घरातला माणूस अचानक सत्काराला उभा राहिला.

आणि कृपा करून पुण्याचा हेल आणू नका. आमच्याकडे घरात कोंकणी, आणि नाटक, भजन, कीर्तन, वर्तमानपत्र मराठीत. आमच्या मराठीला कोंकणीचा वास येणारच. कॅमेरा सुरू झाला की मुलं घसा खाकरून बातम्या दिल्यासारखी बोलू लागतात. शब्द शुद्ध होतात, पण बोलणारा माणूस नाहीसा होतो. माझ्या सुरुवातीच्या व्हिडिओंत मी ‘आमसूल’ म्हणत होते, कारण पुस्तकात तसं असतं. एकदा चुकून ‘सोलां’ निघालं आणि ते मी कापलं नाही. त्या व्हिडिओखाली रत्नागिरीच्या एका बाईंनी लिहिलं, ‘आम्ही फळाला रातांबे म्हणतो, तुम्ही काय म्हणता?’ मी सांगितलं, भिरंड. मग वेंगुर्ल्याहून कुणी, कारवारहून कुणी, आपापल्या आजीच्या तोंडचे शब्द घेऊन आलं. दोन आठवडे ते चाललं होतं. माझ्या त्या व्हिडिओत विशेष काही नव्हतं, सोलां सुकवायची पद्धत होती. माणसं जमली ती एका शब्दाभोवती.

इथला शब्द वापरायचा तर थांबून त्याचा अर्थ सांगत बसू नका, वाक्यातच तो कळू द्या. ‘पोदेर आला, उंडे घेतले, अजून गरम आहेत’ म्हटलं की पोदेर म्हणजे पाववाला हे सांगावं लागत नाही. ‘माटोळीला बांधायला आंबाडे आणले’ म्हणताना हातात आंबाड्यांचा घोस आणि वर गणपतीपुढची लाकडी चौकट दिसली की काम झालं. कुणीतरी ‘तुमची मराठी अशुद्ध आहे’ असं लिहील. माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘आमच्याकडे असंच बोलतात, तुमच्याकडे कसं म्हणतात ते सांगा.’ दहांतले बरेच जण यावर खरंच सांगतात. भाषेच्या राजकारणावर भांडायला आलेल्याला मात्र उत्तर देऊ नका. तिथे तुमच्या कुळागराबद्दल कुणीच बोलत नसतं.

उत्तरं देताना नात्यांचे शब्दही जपून वापरा. लोक मला ताई म्हणतात, काही वहिनी, काही चक्क बाळ म्हणतात. त्यांनी जोडलेलं नातं मी स्वीकारते, पण माझ्याकडून कुणाला पहिल्यांदा ‘काका’ किंवा ‘आजी’ म्हणत नाही. चाळिशीतल्या माणसाला ‘काका’ लागतं. नावापुढे ‘ताई’, ‘राव’ किंवा ‘जी’ लावून ‘अहो’ने बोललं की कुणी दुखावत नाही.

भिंग, अंतर, आवाज

फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. टेबलावर ठेवून वर बघायला लावलात तर तुम्ही बघणाऱ्याच्या डोक्यावर उभे राहिल्यासारखे दिसता. नवीन माणसाची हमखास चूक म्हणजे पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत बोलणं. भिंग पडद्याच्या वरच्या कडेला असतं, त्यामुळे नजर किंचित खाली जाते, आणि बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी हा आपल्याशी बोलत नाही हे जाणवतं. पडदा कागदाने झाका, किंवा मागचा कॅमेरा वापरा.

एडवर्ड हॉल या मानवशास्त्रज्ञाने माणसं एकमेकांपासून किती अंतरावर उभी राहतात याची मापं मांडली होती. ओळखीच्या माणसांतलं अंतर त्याने साधारण दीड ते चार फूट धरलं. फोन तेवढ्याच अंतरावर ठेवा. दहा फुटांवरून सगळं स्वयंपाकघर दाखवायचा मोह होतो, पण त्यात चेहरा नखाएवढा राहतो. कृती दाखवताना दूर जा, काही सांगायचं असलं की जवळ या.

चित्र थोडं धूसर असलं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटला तर निघून जातात. कानात इयरफोन घालणाऱ्याच्या तर तुम्ही थेट कानात बोलत असता, आणि तितक्या जवळून ओरडायचं नसतं. हजार-दीड हजारांत कॉलरला लावायचा माइक मिळतो, पहिले पैसे तिथे घाला. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पत्र्यावर पाऊस असा वाजतो की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. कौलं असलेल्या खोलीत, दारं लावून, आजूबाजूला गोधड्या टाकून बोला. नाहीतर पाऊस तसाच वाजू द्या आणि बोलणं नंतर वेगळं भरा. मुंबईच्या फ्लॅटमधल्या माणसाला तो आवाज हवाच असतो.

एडिटिंगमध्ये प्रत्येक अडखळणं कापू नका. शब्द आठवत नाही म्हणून थांबलात, हातातून वाटी निसटली, मागून कुणी हाक मारली, त्यातलं एखादं राहू द्या. मुद्दाम घडवलेलं मात्र ठेवू नका, ते लगेच ओळखू येतं.

पोदेरासारखं या

पोदेर सायकलीवरून भोंगा वाजवत येतो तेव्हा कुणी घड्याळ बघत नाही. सकाळचे साडेसहा वाजले हे त्याच्याच भोंग्यावरून कळतं. त्याच्या टोपलीत रोज नवं काही नसतं. उंडे, पोळी, काकणं. तरी एखाद्या दिवशी तो आला नाही तर चार घरांत चौकशी होते. मला वाटतं व्हिडिओवाल्याने त्याच्याकडून हेच शिकावं.

आठवड्यातून एक व्हिडिओ, एकच वार, एकच वेळ. माझा रविवार संध्याकाळ. रोज टाकायचा संकल्प करणारी मुलं मी पाहिली आहेत, तिसऱ्या महिन्यात ती थकून बंद करतात आणि बघणाऱ्याची नुकतीच लागलेली सवय मोडते. चार व्हिडिओ आधीच तयार ठेवून सुरुवात करा. शॉर्ट्स आणि रील्समुळे नवीन माणसं येतात, ती हवीतच. पण त्यांत माणूस तुम्हाला अंगठ्याने सरकवत जातो. तो तुमच्याजवळ बसतो तो दहा-पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत.

दर वेळी परत येणाऱ्या एक-दोन गोष्टी ठेवा. सुरुवातीला मी विहिरीतून तांब्याने पाणी काढते, सहज पडलेली सवय होती. एकदा तांब्या घासायला घेतला म्हणून दुसरं भांडं वापरलं, तर सतरा जणांनी तांब्या कुठे गेला असं विचारलं. त्या दिवशी मला कळलं की माणसं ओळखीच्या वस्तूचाही हात धरतात.

वही घाला

इथे थोडी जास्त थांबते, कारण बाकी सगळं कुणीही शिकवेल.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. कमेंट करणाऱ्याचं नाव, गाव, त्याने काय विचारलं किंवा सांगितलं, आणि तारीख. पहिली शंभर नावं तरी हातानेच लिहा. पडद्यावर वाचलेलं विसरायला होतं, हाताने लिहिलेलं राहतं. मी हे जत्रेच्या नाटकातून घेतलं. तालमीच्या वेळी आमचे दिग्दर्शक वर्गणी देणाऱ्यांची यादी बघून सांगायचे, यंदा अमक्यांच्या घरी वाईट घडलंय, पुढे येऊन बसले तर त्यांच्याकडे बघून विनोद फेकू नकोस.

श्रीवर्धनच्या एका बागायतदारांनी तिसऱ्या वर्षी मला विचारलं होतं की लहान पोफळींवर बोर्डो मिश्रण किती तीव्रतेचं मारता. पावसाआधी सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी आम्ही एक टक्क्याचं मारतो, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा. तसं उत्तर दिलं आणि वहीत लिहून ठेवलं: श्रीवर्धन, रोपं नवी, का? पुढच्या वर्षी फवारणीचा व्हिडिओ करताना वही चाळली आणि बोलता बोलता विचारलं, ‘गेल्या वर्षी श्रीवर्धनहून एकांनी लहान पोफळींबद्दल विचारलं होतं, कशी आहेत झाडं?’ त्याच रात्री त्यांची लांब कमेंट आली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्यांच्या किनाऱ्यावर आलं आणि वडिलांच्या हातची बाग एका दुपारी आडवी झाली. सगळी नव्याने लावली. पोफळीला धरायला पाच-सात वर्षं लागतात. ‘तुम्ही लक्षात ठेवलंत’ इतकंच शेवटी होतं. त्यांना उत्तर म्हणून इतर बागायतदारांनी जे लिहिलं, ते मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

वही ठेवायची तर लोकांनी लिहायला हवं, आणि ‘कसं वाटलं कमेंट करून सांगा’ म्हटल्यावर ‘छान’ येतं. प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर त्या माणसाकडेच असेल. ‘तुमच्या घरी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवशी खतखत्यात किती भाज्या पडतात?’ ‘तुमच्या लहानपणी जत्रेतून खाजें कोण आणायचं?’ एका व्हिडिओत एकच प्रश्न, आणि तो मध्यावर, काम चालू असताना. शेवटी विचारलात तर अर्धे निघून गेलेले असतात.

पहिल्या एक-दोन तासांत फोन घेऊन बसा आणि तेव्हा आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्या. नुसतं हार्ट देणं म्हणजे मान हलवणं, ते वाईट नाही, पण नवीन नाव दिसलं तर दोन शब्द लिहाच. चांगला अनुभव कुणी लिहिला असेल तर तो वर पिन करा. तुमची स्वतःची जाहिरात तिथे पिन केलीत, तर लोकांना कळतं की इथे बोलणं ऐकलं जात नाही. एखाद्याच्या सुचवण्यावरून काही केलंत तर त्याचं नाव व्हिडिओत घ्या, पण नाव आणि गावापलीकडे काही सांगू नका. त्याने कमेंटमध्ये आजार सांगितला असेल, तरी तो तुम्ही आपल्या तोंडाने पुन्हा सांगायचा नाही. कमेंट्स हजारांत गेल्यावर सगळ्यांना उत्तर देणं शक्य होत नाही. तेव्हा ‘आता सगळ्यांना लिहायला जमत नाही, वाचते मात्र सगळं’ असं सांगून टाका. दुसऱ्या कुणाला पैसे देऊन तुमच्या नावाने उत्तरं लिहायला बसवू नका. माणसं तुमच्याशी बोलत असतात, त्यांना फसवायचं नाही.

लाइव्ह

महिन्यातून एकदा पुरे. फोनवरून यूट्यूबवर लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्राइबर लागतात, आणि पहिल्यांदा ही सोय चालू केल्यावर २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. चवथीच्या आदल्या रात्री आठवण झाली तर उपयोग नाही. तुमचं बोलणं पलीकडे काही सेकंदांनी पोचतं, म्हणून प्रश्न विचारलात की गप्प बसायला शिका. गावातल्या कुणा समजूतदार मैत्रिणीला चॅट सांभाळायला बसवा. हातात काहीतरी काम असू द्या, नारळ खवणं, केळीची पानं पुसणं. नुसतं बसून पडद्यावरची नावं वाचत राहिलात की हजेरी घेतल्यासारखं होतं.

दार किती उघडायचं

एका रविवारी दुपारी कोल्हापूरहून एक कुटुंब गाडीने दारात आलं. व्हिडिओतली देवळाची कमान, वडाचा पार, ओहोळावरचा साकव, यांवरून त्यांनी घर शोधलं होतं. येताना गुळाची ढेप आणली होती. त्यांची लहान मुलगी उतरल्या उतरल्या आमच्या मांजराला नावाने हाक मारत आत गेली. माझे सासरे तेव्हा फार आजारी होते, आत खोलीत सलाईन लावलेलं. मी त्यांना सोप्यावर बसवलं, सोलांचं सरबत दिलं आणि वीस मिनिटांत निरोप द्यावा लागला. त्या बाईंचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. त्यानंतर त्यांची कमेंट कधी आली नाही.

चूक त्यांची नव्हती. ‘आमच्याकडे या हं कधीतरी’ असं मीच पन्नास वेळा म्हटलं होतं, आणि त्यांनी ते खरं मानलं. तोंडातून निघालेल्या आमंत्रणाला दुसऱ्या टोकाला कुणीतरी गाडी काढतं, हे मी तेव्हा शिकले.

म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि काय दिसेल, काय दिसणार नाही हे ठरवा. माझा नियम असा: झालेलं दुःख सांगेन, चालू असलेलं नाही. मुलांचे चेहरे, शाळेचा गणवेश, गाडीचा नंबर, घराकडे येणारं वळण, कधीच नाही. गोव्यात गावं लहान, एका कमानीवरून वाडा ओळखता येतो. बाहेरचं चित्रण तिथून निघाल्यावरच टाका. नवऱ्याला किंवा सासूला कॅमेऱ्यासमोर यायचं नसेल तर विषय तिथेच संपतो. देवळात कॅमेरा काढण्याआधी महाजनांना किंवा समितीला विचारा, बऱ्याच देवळांत गाभाऱ्याचं चित्रण चालत नाही. रांपण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्या माणसांचे, बाजारात बसलेल्या बायकांचे चेहरेही विचारूनच घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आधी खरेदी करावी, बोलावं, मग विचारावं. त्या नाही म्हणाल्या तर फोन खिशात.

आणि भेटायचंच असेल तर घराबाहेर भेटा. मी आता वर्षातून एकदा, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळाच्या सभामंडपाबाहेर दोन तास बसते. आधी सांगून. तीस-चाळीस माणसं येतात, आणि वहीतल्या नावांना तोंडं मिळतात.

पैसे आले की

यूट्यूबच्या जाहिरातींतून पैसे मिळायला १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज लागतात. त्याच्या कितीतरी आधी गोव्यातल्या मुलांकडे शॅकवाले, होमस्टेवाले, काजूवाले येतात: ‘जेवायला या, व्हिडिओ करा.’ पैसे हातात न आल्यामुळे मुलांना ती जाहिरात वाटत नाही. ती जाहिरातच असते. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांत फुकट मिळालेल्या वस्तू, राहणं, सवलतीसुद्धा धरल्या आहेत, आणि हा संबंध ठळकपणे, सोप्या शब्दांत, ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्याच भाषेत सांगायचा असतो. दिशाभूल करणारी जाहिरात केली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. व्हिडिओ टाकताना ‘पेड प्रमोशन’ची खूण करा, आणि शिवाय तोंडाने म्हणा: ‘हे जेवण त्यांनी फुकट दिलं आहे.’ पहिल्या मिनिटात म्हणा. पैसे लावून खेळायच्या ॲपवाल्यांना तर दारातूनच परत पाठवा. अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. जी बाई तुमच्या शब्दावर सोलांची पद्धत बदलते, तिचा मुलगा तुमच्याच शब्दावर पैसे लावेल.

रात्री येणारे निरोप

चॅनेल थोडं रुळलं की असे निरोप येऊ लागतात ज्यांची तयारी कुणी करून देत नाही. ‘तुमचा आवाज ऐकल्याशिवाय झोप येत नाही.’ ‘घरात बोलायला कुणी नाही.’ यांना हसू नका आणि पाठमोरेही होऊ नका. दिवसा, शांतपणे, मोजक्या शब्दांत उत्तर द्या. रोज बोलण्याचं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही आणि मोडलं की जखम मोठी होते. खासगी नंबर देऊ नका. कुणी जगणं नकोसं झाल्याचं लिहिलं तर लगेच उत्तर द्या, जवळच्या कुणाशी बोलायला सांगा, आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर द्या. तिथे मराठीतही बोलता येतं. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

शिव्या देणाऱ्यांचा बंदोबस्त सोपा आहे. सेटिंगमध्ये नको असलेल्या शब्दांची यादी देता येते, देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्ही लिहा. तरीही येणाऱ्याला चॅनेलवरून लपवा. पण टीका करणाऱ्याला लपवू नका. मीठ उशिरा घालायला हवं होतं असं सांगणारी बाई शेवटपर्यंत बघत होती.

थांबायचं असेल तेव्हा

पोदेर गावाला जाणार असला की आदल्या दिवशी प्रत्येक दारात सांगतो, ‘उद्या नाही हं.’ तुम्हीही सांगा. चवथीचे पाच दिवस, परीक्षा, आजारपण, काहीही असो. न सांगता गेलात तर काळजी करणारी माणसं आता तुमच्याकडे आहेत, ती तुम्हीच जमवली आहेत.

सासरे गेले तेव्हा मी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. संगीत नाही, फोटो नाही. घरात असं झालं आहे, महिनाभर येणार नाही, एवढंच. कमेंट्स बंद ठेवाव्यात असं एकदा मनात आलं होतं, मग तशाच राहू दिल्या. पंधरा दिवसांनी रात्री वाचायला बसले. पुष्कळ जणांनी दोनच शब्द लिहिले होते. श्रीवर्धनच्या त्या बागायतदारांनी लिहिलं होतं, ‘सावकाश या. फवारणीची वेळ झाली की मी आठवण करतो.’

मेच्या शेवटच्या आठवड्यात जुन्याच एका व्हिडिओखाली त्यांची कमेंट आली: ‘ताई, मोरचूद आणलंत का?’